सहा विजय, आठ बरोबरी : ॲक्रिंग्टनचा १८८८-८९चा हंगाम कसा वाचायचा?

प्रश्न असा आला आहे : इंग्लंडच्या पहिल्यावहिल्या फुटबॉल लीगच्या, म्हणजे १८८८-८९च्या अंतिम तक्त्यात ॲक्रिंग्टन नावाचा संघ सातवा दिसतो. २२ सामने, ६ विजय, ८ बरोबरी, ८ पराभव, ४८ गोल केले, ४८ खाल्ले, गुण २०. त्याच्या खाली आठव्या जागेवर एव्हर्टन, विजय मात्र ९. हे कसं? असा संघ चांगला म्हणायचा की सुमार? आणि आजचा ॲक्रिंग्टन स्टॅनली तो हाच का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात : नाही. त्यावर पुढे बोलतो.

मी जिल्हा पातळीवरच्या लीगचं वेळापत्रक आणि गुणतक्ता लावण्याचं काम तीसेक वर्षं केलं. आधी वहीत, पट्टी-पेन्सिल घेऊन, नंतर संगणकावर. या कामात माणूस खेळ पाहायचा सोडून तक्ता पाहायला लागतो, हा दोष कबूल. पण एक सवय लागते. तक्त्यात संघाचं नाव शेवटी वाचायचं, आधी आकडे वाचायचे. ॲक्रिंग्टनची ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दोनदा बेरीज केली होती. केले तेवढेच खाल्ले आणि जिंकले त्यापेक्षा जास्त बरोबरीत सोडवले, अशी ओळ क्वचित दिसते.

एव्हर्टनचं कोडं तसं सोपं आहे. विजयाला २ गुण, बरोबरीला १. एव्हर्टनचे ९ विजय म्हणजे १८ आणि २ बरोबरींचे २, एकूण २०. ॲक्रिंग्टनचे ६ विजय म्हणजे १२ आणि ८ बरोबरींचे ८, एकूण २०. गुण समान, म्हणून गोल सरासरी पाहिली. त्या काळी गोलफरक पाहत नसत. केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचे. ॲक्रिंग्टनचे ४८ भागिले ४८, म्हणजे बरोबर १. एव्हर्टनचे ३५ भागिले ४७, म्हणजे पाऊण. ॲक्रिंग्टन वर. गोलफरकाची पद्धत इंग्लिश लीगमध्ये १९७६च्या हंगामापासून आली, त्यामुळे जुने तक्ते पुन्हा मांडताना संगणकाला गोलफरक लावायला सांगितलात तर काही हंगामांत क्रम चुकेल. या हंगामात ॲक्रिंग्टनची जागा बदलत नाही, पण तळाला १२-१२ गुणांचे नॉट्स काउंटी आणि स्टोक उलटेपालटे होतात.

पण गंमत इथे संपत नाही. हंगाम सुरू झाला ८ सप्टेंबर १८८८ला, आणि त्या दिवशी बरोबरीला किती गुण द्यायचे हे ठरलेलंच नव्हतं!

ही गोष्ट मी आमच्या मंडळींना सांगितली की कुणी विश्वास ठेवत नाही. बारा संघ, बावीस शनिवार, सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, इतकं पक्कं होतं. विजेता कसा ठरवायचा हे मागाहून बघू, असं चाललं होतं. बरोबरीला काहीच द्यायचं नाही, फक्त विजय मोजायचे, हाही प्रस्ताव होता. निर्णय झाला २१ नोव्हेंबर १८८८ला, म्हणजे अडीच महिने खेळून झाल्यावर : विजयाला दोन, बरोबरीला एक.

आता फक्त विजय मोजून तक्ता लावून बघा. प्रेस्टन १८, ॲस्टन व्हिला आणि वुल्व्हरहॅम्प्टन १२, ब्लॅकबर्न, बोल्टन, वेस्ट ब्रॉमिच प्रत्येकी १०, एव्हर्टन ९, बर्न्ली आणि डर्बी ७, ॲक्रिंग्टन ६, नॉट्स काउंटी ५, स्टोक ४. ॲक्रिंग्टन सातव्यावरून थेट दहावा. आणि दहावा म्हणजे नुसता तीन पायऱ्या खाली नव्हे. तळाच्या चार संघांना हंगामानंतर राजीनामा देऊन पुन्हा निवडून येण्यासाठी अर्ज करावा लागे, बाकीच्यांनी मतं दिली तर आत, नाहीतर बाहेर. १८८९मध्ये ही पाळी बर्न्ली, डर्बी, नॉट्स काउंटी आणि स्टोक यांच्यावर आली. चौघेही परत घेतले गेले, पण पुढच्याच वर्षी स्टोकला बाहेर काढून सुंदरलंडला घेतलं, म्हणजे ही नुसती औपचारिकता नव्हती. फक्त विजय मोजले असते तर त्या रांगेत ॲक्रिंग्टन उभा राहिला असता आणि बर्न्ली किंवा डर्बीपैकी एक सुटला असता. कोण, हे पुन्हा गोल सरासरीवर : बर्न्ली ४२-६२, डर्बी ४१-६१. भागून बघा, तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत जावं लागतं.

म्हणून ॲक्रिंग्टनच्या त्या हंगामाबद्दल माझं मत असं आहे की त्यातला सगळ्यात मोलाचा निकाल मैदानावर लागला नाही, तो बैठकीच्या टेबलावर लागला. अर्थात बरोबऱ्या त्यांनीच मिळवल्या होत्या, कुणी दान दिल्या नव्हत्या.

मुळात ही लीग निघाली कशासाठी, ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय ॲक्रिंग्टनसारखं गाव त्या बारांत काय करत होतं हे कळणार नाही. जुलै १८८५मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पैसे घेऊन खेळायला परवानगी दिली. तोवर सगळं पडद्याआड चाले. वायव्य इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्याचे क्लब खेळाडूंना पैसे देतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ॲक्रिंग्टनला तर १८८३मध्ये एका खेळाडूला पैसे दिल्यावरून असोसिएशनने बाहेरही काढलं होतं. म्हणजे गाव छोटं असलं तरी या व्यवहारात ते पहिल्या रांगेत होतं. परवानगी मिळाली आणि दर आठवड्याला पगार द्यायची वेळ आली. पगार दर आठवड्याला, पण गेटवरचे पैसे? ठरवलेला मैत्रीपूर्ण सामना समोरच्या संघाची कप स्पर्धेतली लढत लांबली की रद्द. पाऊस पडला की रद्द. दुसरीकडे जास्त पैसे मिळतात म्हटलं की तोही रद्द. शनिवारी गेटवर शुकशुकाट आणि सोमवारी खेळाडू दारात उभे.

ॲस्टन व्हिलाचे विल्यम मॅकग्रेगर हे मूळचे स्कॉटलंडचे, बर्मिंगहॅमला कापडाचं दुकान चालवणारे. दुकानदाराला रिकामा गल्ला फार लवकर दिसतो. त्यांनी २ मार्च १८८८ला काही क्लबांना पत्र लिहिलं की दहा-बारा प्रमुख क्लबांनी एकत्र येऊन ठरलेले सामने ठरल्या दिवशी खेळावेत. २३ मार्चला लंडनच्या अँडरटन्स हॉटेलात पहिली बैठक, १७ एप्रिलला मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात दुसरी, आणि लीग उभी राहिली. सहा क्लब लँकेशायरचे : ॲक्रिंग्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, बर्न्ली, एव्हर्टन, प्रेस्टन नॉर्थ एंड. सहा मिडलंड्सचे. लंडनचा एकही नाही. बाराच का? कारण मोकळे शनिवार बावीसच निघाले. वेळापत्रक लावणाऱ्या माणसाला हे वाचून गहिवरून येतं. एकशे तीस वर्षांनीही घोडं तिथेच अडतं : मैदान आणि शनिवार.

योगायोग असा की त्याच १८८८ साली शिमल्याला ड्युरँड कप सुरू झाला, आणि १८९१ला आपल्या मुंबईत रोव्हर्स कप. पण ते दोन्ही बाद पद्धतीचे, आणि बहुतांशी गोऱ्या पलटणींचे. लीग आपल्याकडे यायला आणखी दहा वर्षं गेली, १८९८ला कोलकात्यात. हरला तरी पुढच्या शनिवारी पुन्हा खेळायचंच, ही कल्पना इंग्लंडमध्येही तेव्हा कोरी करकरीत होती.

आता गाव. ॲक्रिंग्टन म्हणजे लँकेशायरचं गिरणगाव. सूत, कापड, आणि हॉवर्ड अँड बुलो या कंपनीचा सूतकताईची यंत्रं बनवणारा मोठा कारखाना. आपल्या परळ-लालबागच्या गिरण्यांत जी यंत्रं धडधडत ती बहुतेक लँकेशायरहूनच आलेली, तेव्हा या प्रदेशाशी आपलं नातं फुटबॉलच्या आधीपासूनचं आहे. शनिवारी दुपारी गिरणी सुटायची, आणि सुटलेला कामगार घरी न जाता मैदानाकडे वळायचा. लीगचा सगळा संसार या अर्ध्या सुटीवर उभा होता.

लोकसंख्या चाळीस हजाराच्या आत-बाहेर. पश्चिमेला पाचेक मैलांवर ब्लॅकबर्न, लाखाच्या वर वस्तीचं. पूर्वेला सहाएक मैलांवर बर्न्ली, ॲक्रिंग्टनच्या दुपटीहून मोठं. दोन्हीकडे लीगमधले क्लब. दोन मोठ्या दुकानांच्या मधे टपरी टाकावी तशी ही स्थिती. आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेला तालमीचा संघ असतो, पण मैदान एकच आणि गर्दी सगळ्यांची मिळून एकच. तिथे प्रत्येकाला आपलं मैदान आणि आपलं गेट सांभाळायचं होतं. ॲक्रिंग्टनचं मैदान थॉर्नीहोम रोडवर, तेही क्रिकेट क्लबच्या आवारात.

त्यांचे पहिले चारही सामने बाहेर झाले : एव्हर्टन, ब्लॅकबर्न, डर्बी, स्टोक. सप्टेंबर सरेपर्यंत घरी एकही नाही. क्रिकेटचा हंगाम संपेपर्यंत मैदान मोकळं मिळत नसावं, असा माझा तर्क. दुसऱ्याच्या मैदानावर खेळणाऱ्या संघाचं वेळापत्रक मी पुष्कळदा लावलं आहे, ते असंच दिसतं.

पहिला दिवस, ८ सप्टेंबर. लीगचे पाच सामने त्या दिवशी झाले. ॲक्रिंग्टन लिव्हरपूलला, एव्हर्टनविरुद्ध, ॲनफिल्डवर. दचकू नका, तेव्हा ॲनफिल्ड एव्हर्टनचंच होतं, लिव्हरपूल क्लब १८९२मध्ये जन्मला. प्रेक्षक दहा हजारांच्या घरात. म्हणजे ॲक्रिंग्टनच्या दर चार माणसांमागे एक, असा हिशोब मनात करून बघा. जॉर्ज फ्लेमिंगने एव्हर्टनकडून दोन गोल केले, ॲक्रिंग्टनकडून होल्डनने एक. पण सामना फिरला तो गोलरक्षक हॉर्नच्या दुखापतीने. बरगडीला मार बसून तो बाहेर गेला. बदली खेळाडू ही चीजच तेव्हा नव्हती, त्यामुळे मैदानातलाच एक जण गोलात उभा राहिला आणि संघ दहा जणांनिशी खेळला. २-१ हार. या निकालाला मी साधा पराभव धरत नाही, पण तक्ता धरतो, त्याला बरगड्या दिसत नाहीत.

पुढचा शनिवार, ब्लॅकबर्नला. शेजाऱ्याकडे. निकाल ५-५. एका सामन्यात दहा गोल, आणि दोघांच्या पदरात काय? त्या संध्याकाळी तरी कुणालाच माहीत नव्हतं! गुण ठरायला अजून दोन महिने होते. मग डर्बीला १-१. मग स्टोकला ४-२ असा विजय, आणि हा त्यांचा त्या हंगामातला बाहेरचा एकमेव विजय. ऑक्टोबरमध्ये घरी आल्यावर वुल्व्हरहॅम्प्टनशी ४-४, डर्बीला ६-२ने झोडपलं.

एवढे गोल कसे होत, हा प्रश्न तुम्हाला पडेल. रचना सगळ्यांची दोन फुलबॅक, तीन हाफबॅक, पाच फॉरवर्ड. पाच जण पुढे आणि राखायला दोन, म्हटल्यावर गोल होणारच. पेनल्टी किक नव्हती, ती १८९१ला आली. गोलरक्षक आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हातात घेऊ शके. दोन्ही संघांचा एकेक पंच मैदानात असे, आणि रेफ्री रेषेबाहेर. दोन पंचांचं जमलं नाही की त्याच्याकडे धाव. गोलाला जाळीही नव्हती. चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावर भांडणं ठरलेली. या जाळीच्या जन्माशी ॲक्रिंग्टनचा संबंध आहे, तो थोडक्यात सांगून टाकतो. पुढच्या हंगामात, १८८९मध्ये, एव्हर्टन-ॲक्रिंग्टन सामन्यात एका गोलावरून असाच वाद झाला. जॉन अलेक्झांडर ब्रोडी नावाच्या लिव्हरपूलच्या इंजिनिअरला तिथून गोलाच्या मागे जाळं लावायची कल्पना सुचली, आणि १८९१पासून ते वापरात आलं. आज पोरं ज्या जाळीला लोंबकळतात तिच्या मुळाशी ॲक्रिंग्टनचा एक बरोबरीत सुटलेला सामना आहे. बरोबरीच, दुसरं काय!

मूळ हंगामाकडे वळू. २० ऑक्टोबर १८८८. प्रेस्टन नॉर्थ एंड थॉर्नीहोम रोडवर आला. हा सामना नीट समजून घ्या, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे.

प्रेस्टनने तोवर सहा सामने खेळून सहाही जिंकले होते. बर्न्लीला ५, वुल्व्हरहॅम्प्टनला ४, बोल्टनला ३, डर्बीला ३, स्टोकला ७, वेस्ट ब्रॉमिचला ३. सहा सामन्यांत पंचवीस गोल. (स्टोकच्या सातांत एक मेख आहे. त्यांचे नऊच खेळाडू प्रेस्टनला पोचले होते, यजमानांनी आपले दोन राखीव खेळाडू उसने दिले आणि मग सात गोल घातले. पाहुणचार म्हणतात तो हा.) गुडॉल, रॉस अशी फॉरवर्डची फळी, बहुतेक स्कॉटलंडहून आणलेले खेळाडू, आणि मागे क्लब चालवणारे विल्यम सुडेल, ज्यांनी फुटबॉल लीग हे नावही सुचवलं. हा संघ पुढे अख्खी लीग एकही सामना न गमावता जिंकला, १८ विजय आणि ४ बरोबरी. त्याच हंगामात एफए कप, म्हणजे फुटबॉल असोसिएशनची बाद पद्धतीची स्पर्धाही जिंकला, पाच सामन्यांत एकही गोल न खाता.

तो संघ ॲक्रिंग्टनला आला आणि निकाल लागला ०-०. प्रेस्टनने लीगमध्ये पहिल्यांदा गुण सोडला तो इथे. आणि आता त्यांच्या चारही बरोबऱ्या बघा : व्हिलाशी १-१, बर्न्लीशी २-२, ब्लॅकबर्नशी २-२, आणि ही ०-०. बाकी सगळे विजय, म्हणजे तिथे गोल झालेच. लीगचे २२ आणि कपचे ५ मिळून सत्तावीस सामन्यांत प्रेस्टनला एकही गोल करू दिला नाही असा संघ एकच, आणि तो सातव्या क्रमांकाचा ॲक्रिंग्टन. व्हिलाला ते जमलं नाही, ब्लॅकबर्नलाही नाही.

एका निकालावर संघ थोर ठरत नाही, हे मलाही कळतं. महिनाभरात प्रेस्टनच्या मैदानावर हाच संघ २-०ने हरला. पण सुमार संघाला असा एक दिवससुद्धा सहसा मिळत नाही. मागच्या फळीत शिस्त होती आणि मधे जॉर्ज हॉवर्थसारखा हाफबॅक होता. हा ॲक्रिंग्टनकडून खेळताना इंग्लंडच्या संघात पाच वेळा निवडला गेला. पुढे उजव्या बाजूला ज्यो लॉफ्टहाउस, तोही इंग्लंडचा खेळाडू. चाळीस हजार वस्तीच्या गावात असे दोन खेळाडू म्हणजे थोडकं नाही.

बाहेर आणि घरी असा हिशोब वेगळा काढला की चित्र आणखी स्पष्ट होतं. घरी ११ सामन्यांत ५ विजय, ३ बरोबरी, ३ हार, गोल २६-१७. बाहेर १ विजय, ५ बरोबरी, ५ हार, गोल २२-३१. घरचं ठीकठाक, त्यात नवल नाही. माझं लक्ष जातं बाहेरच्या पाच बरोबऱ्यांवर : ब्लॅकबर्न ५-५, डर्बी १-१, नॉट्स काउंटी ३-३, बर्न्ली २-२, वेस्ट ब्रॉमिच २-२. रेल्वेच्या डब्यात बसून जायचं, परक्या गर्दीसमोर खेळायचं, बदली खेळाडू नाही, आणि तरी दर दोन वाऱ्यांमागे जवळजवळ एक बरोबरी घेऊन यायची. व्हिलाकडेसुद्धा हरले ते ४-३ असे. सहज हार मानणारा संघ नव्हता हा. मोठे पराभव दोनच, वुल्व्हरहॅम्प्टनला ०-४ आणि बोल्टनला १-४.

मग अडलं कुठे? जिंकायला हवे होते ते सामने त्यांनी घालवले. नॉट्स काउंटीचे सबंध हंगामात पाचच विजय, त्यातला एक ॲक्रिंग्टनच्या मैदानावर, २-१. बोल्टनशी घरीही हार, ३-२. ब्लॅकबर्नकडून घरी ०-२. हे तीन सामने बरोबरीत सुटले असते तरी २३ गुण झाले असते आणि क्रमांक पाचवा. बरोबरीत वाकबगार असलेल्या संघाला नेमक्या इथे बरोबरी जमली नाही, हे मला जरा खटकतं. दुसरीकडे बर्न्ली या शेजाऱ्याला घरी ५-१ने लोळवलं, वेस्ट ब्रॉमिचला २-१ने, एव्हर्टनला ३-१ने. एव्हर्टनवरचा तो विजय हिशोबात दुहेरी मोलाचा ठरला, कारण शेवटी त्याच संघाशी गुण समान झाले.

आजच्या पद्धतीने, विजयाला तीन गुण देऊन, हाच तक्ता लावला तर? एव्हर्टन २९, ॲक्रिंग्टन २६, बर्न्ली २४, डर्बी २३. ॲक्रिंग्टन आठवा. म्हणजे बरोबरीला शून्य दिलं तर दहावा, तिसरा हिस्सा दिला तर आठवा, अर्धा दिला तर सातवा. खेळाडू तेच, गोल तेच. नियम तीन तर जागा तीन.

हे मला इतकं जवळचं का वाटतं, तेही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या समितीत होतो तिथे एका छोट्या स्पर्धेत समान गुण झाले तर काय, हे लेखी ठरवायचं राहून गेलं होतं. शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी ते लक्षात आलं. रात्री अकराला बैठक, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला कोणत्या नियमाने आपला संघ वर जातो हे पाठ! कुणीच नियमावर बोलत नव्हतं, सगळे आपल्या संघावर बोलत होते. चूक माझीही होती, पत्रक मीच काढलं होतं. त्यामुळे २१ नोव्हेंबर १८८८ची ती बैठक मला डोळ्यांसमोर दिसते. ब्लॅकबर्न, डर्बी, वुल्व्हरहॅम्प्टन, प्रेस्टन, निदान एवढ्या बरोबऱ्या तोवर ॲक्रिंग्टनच्या खात्यात जमा होत्या. त्यांचं मत कुठे पडलं असेल याची पैज लावायला मी तयार आहे. पण त्या बैठकीला एक दाद द्यायला हवी. असा निर्णय अर्ध्या हंगामात घेऊन लीग फुटली नाही. आमची ती स्पर्धा पुढच्या वर्षी झालीच नाही.

तेव्हा संघ चांगला की सुमार? माझं उत्तर : पहिल्या हंगामात चांगला, आणि आपल्या वजनाच्या मानाने फारच चांगला. १८८९-९०मध्ये तर तो सहावा आला, २४ गुणांसह. पण तिथून उतरण लागली. कारण उघड आहे. लॉफ्टहाउस १८८९मध्येच ब्लॅकबर्नला परत गेला आणि तिथे १८९० आणि १८९१ असे लागोपाठ दोन एफए कप जिंकला. पाच मैलांवर जास्त पैसे आणि मोठी गर्दी असेल तर चांगला खेळाडू टपरीवर थांबत नाही. यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. १८९०-९१मध्ये दहावा, त्यानंतरच्या वर्षी चौदा संघांत अकरावा.

आणि मग १८९२-९३. लीग आता सोळा संघांची, खाली दुसरा विभागही सुरू झालेला. ॲक्रिंग्टनची ओळ पुन्हा बघण्यासारखी आहे : ३० सामने, ६ विजय, ११ बरोबरी, १३ पराभव. विजय पुन्हा सहाच! पण सामने आठ जास्त. बरोबऱ्या अकरा करूनही २३ गुण आणि पंधरावा क्रमांक. जी गोष्ट पहिल्या वर्षी तारून गेली तीच आता पुरी पडली नाही, कारण बावीस सामन्यांत बरोबरी हे भांडवल होतं, तीस सामन्यांत तोच उधार-उसनवारीचा संसार झाला. तळाच्या तिघांना दुसऱ्या विभागातल्या वरच्या तिघांशी कसोटीचा सामना खेळावा लागे. नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिजवर, एप्रिल १८९३मध्ये, शेफिल्ड युनायटेडने त्यांना १-०ने हरवलं. या एका सामन्याला मात्र बरोबरीची सोय नव्हती.

खाली उतरून दुसऱ्या विभागात खेळण्याऐवजी ॲक्रिंग्टनने लीगच सोडली. दुसऱ्या विभागात गेटवर लोक येणार नाहीत आणि प्रवासखर्च तोच राहणार, असा विचार असणार. हिशोबाला चूक नव्हता, पण लीगमधून बाहेर पडल्यावर उरलेलं गेटही गेलं. १८९६मध्ये क्लब बंद झाला. पहिल्या बारांपैकी अकरा क्लब आजही आहेत. दोन वर्षांत बाहेर फेकलेला स्टोकसुद्धा आहे. नाही तो एकटा ॲक्रिंग्टन.

आता स्टॅनली. हा वेगळा क्लब, त्याच गावात १८९१मध्ये स्टॅनली स्ट्रीटवर निघालेला. म्हणजे जुना क्लब जिवंत असतानाच तो जन्मला होता, वारसदार म्हणून नव्हे. जुना गेल्यावर गावाचं नाव त्याने चालवलं आणि १९२१मध्ये तो लीगमध्ये आला. मार्च १९६२मध्ये कर्जात बुडून हंगाम अर्धवट टाकून बाहेर पडला. त्याच्या रिकाम्या जागी ऑक्सफर्ड युनायटेडला घेतलं. १९६८मध्ये स्टॅनली नव्याने उभा राहिला, पायरी पायरीने चढत २००६मध्ये लीगमध्ये परतला, आणि त्याच वर्षी लीगमधून खाली गेलेल्यांत होता ऑक्सफर्ड युनायटेड. तक्ते लावणाऱ्याला असं काही सापडलं की त्या दिवशी जेवण गोड लागतं. दोन्ही क्लबांची नावं सारखी म्हणून १८८८ची संस्थापक जागा स्टॅनलीच्या नावावर मांडलेली पुष्कळ ठिकाणी दिसते. तुमच्या तक्त्यात ती चूक असेल तर दुरुस्त करा, दोन वेगळ्या ओळी ठेवा.

आणि थॉर्नीहोम रोडचं मैदान गेलं नाही. प्रेस्टनला जिथे गोल मिळाला नाही, तिथे ॲक्रिंग्टनचा क्रिकेट क्लब अजून खेळतो.